बळीरामचा पहिला शब्द

कमळाबाईने सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसला. ओवे गावातल्या त्या घरात आज तिचा नवरा दीड वर्षानंतर बोलणार होता.

मेंदूच्या झटक्यात बळीरामचं सगळं अंग गेलं होतं. पापणीसुद्धा त्याच्या हुकमात नव्हती. आतून मात्र त्याला सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणायचे. खारघरच्या कॉलेजात शिकणारी रेवा त्याच्या डोक्यावर तारांची टोपी बसवत होती.

"कॉम्प्युटर एकेक अक्षर बोलेल, काकू. काकांना हवं ते अक्षर ऐकू आलं की मेंदूत किंचित खळबळ होते. मशीन ती पकडतं आणि अक्षर स्क्रीनवर येतं. वेळ लागतो, कधी चुकतंही."

गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालायची का, असं इस्पितळात विचारलं तेव्हा सही कमळाबाईनेच केली होती. असं जगणं बळीरामला हवंय का, हे त्याला विचारायची सोयच नव्हती. आज तो तोच विषय काढणार, अशी तिची खात्री होती.

कॉम्प्युटर तीच तीच अक्षरं म्हणत राहिला. ती बसली, उठली, दारापर्यंत जाऊन आली. वीस मिनिटांनी स्क्रीनवर 'क' उमटला.

"माजा नाव घेतात," ती पुटपुटली.

मग 'का' झालं. का जगवलंस, हेच ना?

"बंद कर गो पोरी. ऱ्हाऊ दे आता."

"काकू, त्यांचं अजून संपलं नाहीये."

ती खाटेचा दांडा धरून उभी राहिली. बऱ्याच वेळाने शब्द पुरा झाला : कान.

कमळाबाईने हलकेच त्याचं डोकं उचललं. खिडकीतून रस्ता दिसावा म्हणून ती त्याला रोज डाव्या कुशीवर ठेवायची. डावा कान उशीवर दुमडून दुमडून त्याच्या मागे, वाढलेल्या केसांच्या आड, ओली जखम झाली होती.

"किती दिस सोसलंत वो?"

बळीराम दमला होता. रेवाने टोपी काढली. कमळाबाईने कोमट पाण्याने जखम पुसली, त्याला उजव्या कुशीवर वळवलं आणि टाचा, कोपरं, पाठ सगळं चाचपायला घेतलं.

"उद्या कवा येशील?"

"दहाला."

"नऊला ये."

नळीचं विचारायचं होतंच. पण आधी आणखी कुठे दुखतं, ते विचारायचं होतं.