कोऱ्या कागदावरची सही

करिष्मा सकाळपासून मोबाइलवरचा एकच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहत होती. त्यातला कागद कुठून आला, हे अख्ख्या नागपुरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

मधुसूदनभाऊ आज घरी आले होते. पाच वेळा आमदार, एकदा मंत्री, आणि तीन आठवड्यांपूर्वी थेट दूरच्या एका डोंगराळ राज्याचे राज्यपाल! बेसा भागातल्या त्यांच्या बंगल्यासमोर सत्काराचा मांडव उभा होता, ढोल-ताशेवाले सांगून ठेवले होते. पण आता ढोल पायाशी ठेवून ती पोरं गुमान चहा पीत बसली होती. फाटकाबाहेर टीव्हीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली होती.

सकाळी साडेआठला एका पत्राचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन आदळला होता. भाऊंचं आमदारकीचं लेटरहेड, खाली भाऊंची सही. मजकूर काय, तर एका मुलीला वसतिगृहात जागा द्यावी. मुलीचं नाव काळं केलेलं. तारीख मात्र ठळक, चौदा. आणि भाऊंनी राज्यपालपदाची शपथ घेतली होती अकराला! वर विरोधकांनी लिहिलं होतं, 'राजभवनात गेले, पण आमदारकी सुटेना.'

दुपारी साडेतीनला बोलावणं आलं. करिष्माची आई शोभाताई बावीस वर्षं भाऊंचं जनसंपर्क कार्यालय सांभाळत होती; ती त्यांना भाऊ मानायची, म्हणून करिष्माचे ते मामा. ती कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा डबा घेऊन निघाली. तिची आपली एकच समजूत, की भाऊले भूक लागली असेल. करिष्मा न सांगता मागून निघाली.

डबा फाटकावरच अडला.

"बाहरचं खाणं आत नाही जाऊ शकत, ताई," पोलीस म्हणाला.

"बाहेरचं काहून गा? कोथिंबीर मी सोता निवडली!"

"आता ते महामहिम हायेत. डॉक्टरनं चाखल्याबिगर काही नाही."

"मग डॉक्टरले दोन जास्त देजो," शोभाताई म्हणाली आणि आत गेली. एरवी करिष्मा यावर खो खो हसली असती; आज ती नुसती मागोमाग आत शिरली.

बैठकीत भाऊ खुर्चीच्या कडेवर बसले होते, पाहुणे आल्यासारखे. शेजारी त्यांचे नवे सचिव आर्यन, कडक इस्त्रीचे आणि त्याहून कडक चेहऱ्याचे.

"शोभा," भाऊ म्हणाले, "तुले जाळाले सांगितले होते ना ते कागद?"

ते कागद म्हणजे काय, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊ दौऱ्यावर असले की लोकांची कामं अडू नयेत, म्हणून ते कोऱ्या लेटरहेडवर नुसत्या सह्या करून ठेवत. दवाखान्यात खाट पाहिजे, शाळेत प्रवेश पाहिजे, की शोभाताई वर मजकूर टाइप करायची. गाडीच्या बॉनेटवर, कार्यकर्त्याच्या पाठीवर, मिळेल तिथे भाऊ सही ठोकायचे. वाचायचे कधीच नाहीत. 'शोभानं आणलं म्हणजे झालं,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"जाळले, भाऊ. शपथेच्या आदल्या संध्याकाळी अंगणात घमेल्यात जाळले. तुमच्या पायाची आण घेऊन सांगते, एकही नाही ठेवला. करिष्मा होती संग. सांग वं!"

करिष्माने मान हलवली. होकार की नकार, तिचं तिलाच कळलं नाही.

कारण आई आगपेटी आणायला आत गेली, तेव्हा तिने वरचा एक कागद काढून भूगोलाच्या पुस्तकात सरकवला होता. का? तिलाही धड सांगता आलं नसतं. एवढ्याशा कागदाने मोठमोठी दारं उघडताना तिने लहानपणापासून पाहिली होती. अशी किल्ली कुणी आगीत टाकतं का? आणि मग चार दिवसांनी तिची मैत्रीण भावना वर्गात रडली. उमरेडहून रोज एसटी, पहाटे पाचला उठायचं, वसतिगृहात म्हणे जागा नाही. करिष्माने ऐटीत सांगितलं, "थांब, मी करते." झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मजकूर छापला आणि तारीख टाकली त्या दिवशीची. पत्रावर त्या दिवशीचीच तारीख टाकायची असते ना? त्या तारखेला भाऊ आमदार उरलेच नव्हते, हे तिच्या हुशार डोक्यात आलंच नाही.

"मग सही नकली आहे," आर्यन म्हणाले. त्यांचं मराठी शिकवणीतलं, जपून जपून टाकलेलं. "आणि लेटरहेड फक्त मॅडमकडे होतं. सर, दिल्लीला पाच वाजेपर्यंत खुलासा पाहिजे. ही पोलीस तक्रार तयार आहे. सही केली, की विषय संपला."

"कोणावर तक्रार?" शोभाताईने विचारलं.

आर्यन तिच्याकडे न बघता कागद सरळ करत राहिले.

शोभाताईला मग कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ, बावीस वर्षं तुमच्या घरची चावी माझ्या कंबरेला होती."

"माहीत आहे वं," भाऊ पुटपुटले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं, हॅलो, हॅलो. आर्यननी पेनाचं टोपण काढून पुढे धरलं. भाऊंनी पेन घेतलं. हात सवयीने कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे निघाला.

"मामा, वाचा तरी!"

आवाज आपलाच आहे, हे करिष्माला बोलून झाल्यावर समजलं. आता मागे फिरायला वाट नव्हती.

"मी काढला तो कागद. आईले माहीत नाही. भावनासाठी होता. तारीख पण मीच टाकली. आईवर तक्रार नका करू, माझ्यावर करा."

शोभाताईचा हात वर गेला आणि हवेतच राहिला. मग ती तिथेच खाली बसली.

"बरं झालं," आर्यन शांतपणे म्हणाले. "मुलगी लहान आहे, तिला समज देऊन सोडतील. पण सर, सही नकली होती असंच लिहावं लागेल."

"सही तर माझी आहे," भाऊ म्हणाले.

"सर, हे कबूल केलं तर खुर्ची जाऊ शकते."

भाऊंनी खिसे चाचपले, चष्मा सापडेना. शेवटी शोभाताईने बसल्या बसल्याच आपला काढून पुढे केला. तो बायकी चष्मा नाकावर चढवून राज्यपाल वाचू लागले. पहिली ओळ, दुसरी, मग पुन्हा पहिली. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आर्यनचा फोन दोनदा थरथरला.

"शोभाले इथं चोर लिहिलं आहे," ते सावकाश म्हणाले. "आणि मी सही करून राहिलो होतो."

त्यांनी कागद उलटा ठेवला.

"बस, करिष्मा. लिही. सही माझी आहे. आमदार असताना मी कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत होतो. चूक माझी आहे, कार्यालयातल्या कोणाची नाही. पुढचा निर्णय दिल्लीनं घ्यावा. लिहिलं?"

"हो."

"तारीख टाक. आजची."

तिने आकडा दोनदा ताडून पाहिला आणि मगच टाकला. भाऊ तेवढ्यात खाकरले.

"त्या पोरीले खोली तरी भेटली का?"

करिष्माने मान खाली घातली. "नाही, मामा. वॉर्डनबाईंनी पत्र ठेवून घेतलं अन् म्हणाल्या, जागाच नाही."

भाऊ असे हसले, की बाहेरचे ढोलवाले उठून उभे राहिले.

"ऐकलं का, शोभा? खुर्ची पणाला लागली, अन् काम पण नाही झालं! उद्या त्या बाईले मी सोता जाऊन भेटतो. राज्यपाल असलो तरी, नसलो तरी."

"सर, राज्यपाल असं जाऊ शकत नाहीत," आर्यन म्हणाले.

"मग नसलो तर."

त्यांनी पत्र दोनदा वाचलं, एक चूक दाखवली, ती दुरुस्त झाल्यावर सही केली. टोपण लावून पेन स्वतःच्या खिशात ठेवलं आणि चष्मा परत दिला. शोभाताईने तो घेतला, पण लेकीकडे काही पाहिलं नाही. घरी गेल्यावर काय होणार, ते करिष्माला दिसतच होतं.

दार उघडलं. फाटकापाशी माइक उंच झाले. पायऱ्या उतरता उतरता भाऊ पोलिसाला म्हणाले, "तो डबा आण गा इकडं. आता डॉक्टर कायले पाहिजे?"