जनरलसाहेबांच्या पाठीवर

मित्रांनो, मी एक जुनी फौजी सॅक आहे. रंग उडालाय, एक पट्टा दोनदा शिवलाय, पण म्हणून नाक मुरडू नका. वॉशिंग्टनजवळच्या ज्या कचेरीत सैन्यासाठी काय विकत घ्यायचं ते ठरतं, तिथल्या भल्याभल्यांना मी घाम फोडला आहे.

माझा जन्म अलाबामातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी गेले सार्जंट एमेट पर्डीच्या पाठीवर. डोंगर, वाळवंट, चिखल, सगळं त्याच्याबरोबर पाहिलं. दरवर्षी माझ्यात एखादी वस्तू वाढायची. वस्तू कामाचीच असायची, आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "एवढ्यानं काय होतंय?" शेवटी एमेटचा गुडघा गेला.

त्याच सुमारास विनिफ्रेड हॉल्कम नावाची तरुण विश्लेषक छावणीवर आली. जवान किती ओझं वाहतात याचा अभ्यास करायला तिला पाठवलं होतं.

"ही फार जड लागते का हो?" तिनं एमेटला विचारलं.

"घालूनच बघा की बाई."

तिनं मला पाठीवर घेतलं आणि धाडकन उताणी पडली. उलट्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय हलवत ती हसत सुटली. गुडघा गेल्यापासून एमेटही पहिल्यांदा हसला. जाताना तिनं मला मागून घेतलं.

"न्या," एमेट म्हणाला. "पण रिकामी करू नका. रिकाम्या सॅकला कुणी भीक घालत नाही."

एमेटच्या सामानाचं जेवढं वजन होतं, तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या पिशव्या तिनं माझ्यात भरल्या आणि कचेरीत एक नियम केला. जवानाच्या पाठीवर नवी वस्तू चढवायची असेल, तर ती या सॅकमध्ये घालायची, सॅक पाठीवर घ्यायची आणि तळघरापासून तिच्या खोलीपर्यंत जिन्यानं यायचं. मग बोलायचं. विनिफ्रेड बिनखिडकीच्या खोलीतून गालिचाच्या खोलीत गेली, विश्लेषकाची मोठी अधिकारी झाली, आणि प्रत्येक दाराशी मी होतेच. कित्येक जण दुसऱ्या मजल्यावरूनच प्रस्ताव घेऊन परत फिरले. खोटं कशाला बोलू, मला फार मजा यायची.

मग लेफ्टनंट जनरल रॉस्को विंगेट एक नवा वायरलेस घेऊन येणार असं ठरलं. तो खरेदी व्हावा असं त्यांच्या फार मनात होतं. तेव्हाच विभागप्रमुखाच्या खुर्चीसाठी विनिफ्रेडचं नाव चाललं होतं, आणि तिथे जनरलसाहेबांच्या शब्दाला वजन होतं.

"विनी, एकदा नियम बाजूला ठेव," तिचा सहकारी लमार प्रुइट तिला म्हणाला. "या खुर्चीसाठी जन्मभर झिजलीस. आता साहेबांना दुखवतेस कशाला?"

"मी एमेटच्या गुडघ्यासाठी झिजले रे. साहेब जिना चढतील."

ती घरी गेल्यावर लमारनं माझ्यातल्या दोन पिशव्या काढल्या आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबली. तिच्या भल्यासाठीच केलं त्यानं. पण माझ्यासारख्या सॅकच्या पोटात रद्दी! लाजेनं मी अर्धी झाले. बोलायला तोंड असतं तर ओरडले असते.

सकाळी साहेब आले. वायरलेस माझ्यात घालून शीळ वाजवत वर चढले.

"पाहिलंस ना विनी, साहेबांना दमसुद्धा लागला नाही," लमार म्हणाला.

साहेब हसले नाहीत. पट्ट्यात अंगठे घालून त्यांनी मला एक हिसका दिला. "प्रुइट, हिच्या बहिणी मी वीस वर्षं वाहिल्यात. ही उपाशी आहे. कुणी ठेवलं हिला उपाशी?"

लमारचं तोंड उतरलं. विनिफ्रेडनं मला उघडलं, रद्दी पाहिली आणि ती लालबुंद झाली. "साहेब, हे माझ्या कचेरीत झालं. माफ करा."

"माफीचं नंतर बघू. आधी वाळू आणा. आणि या वायरलेसच्या तीन दिवसांच्या बॅटऱ्या कुठायत?"

त्या कुणी आणल्याच नव्हत्या. कंपनीनं सांगितलेलं वजन बॅटऱ्यांशिवायचं होतं. वाळू आली, बॅटऱ्या आल्या, आणि साहेब पुन्हा तळघरात उतरले. या वेळी शीळ नव्हती. अर्ध्या जिन्यात त्यांनी भिंतीला हात टेकला, मग पायरीवरच बसले. विनिफ्रेड शेजारी बसली.

"हे पोरांनी वाहायचं?" ते म्हणाले.

"म्हणूनच हा जिना आहे, साहेब."

"वायरलेस परत पाठवा. हलका करून आणा म्हणावं. आणि त्या खुर्चीबद्दल मला विचारतील, तेव्हा मी या जिन्याचंच सांगेन."

खुर्ची विनिफ्रेडला मिळाली. लमारला शिक्षा एकच झाली: ती वाळू त्यानंच माझ्यात भरायची आणि मला वर आणायचं. त्या दिवशी माझी छाती इतकी फुगली की शिवण उसवते की काय असं वाटलं.

आता विनिफ्रेड निवृत्त झाली आहे. मी प्रवेशदारापाशी काचेच्या कपाटात आहे. खाली पितळी पाटी, वर दिवा, रोज काच पुसली जाते. लोक माझ्यासोबत फोटो काढतात आणि लिफ्टनं वर जातात. मात्र खिळ्यावर नीट टांगता यावं म्हणून त्यांनी माझ्यातली वाळू काढून टाकली आहे.

एमेट म्हणाला होता तेच झालं. मित्रांनो, मला खरंच जपायचं असेल तर काच पुसत बसू नका. वाळू भरा आणि मला त्या जिन्याखाली नेऊन ठेवा.