मग?

"परीक्षेत पेपर काढून घेतला त्यांनी," ट्रकचं दार धाडकन लावत आमची पोरगी तिर्झा म्हणाली. "मी पुटपुटते म्हणे. दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा उठवलं."

मला हसूच आलं. वर्ना, माझी बायको, हसली नाही. तिचा चेहरा पार उतरला.

आमच्या फाटकापुढून शाळेची पिवळी बस रोज जायची, पण आठवीनंतर तिर्झा तीत कधी चढली नाही. नववीपासून पुढचं सगळं तिच्या आईनेच घरी शिकवलं, तेही शेळ्यांच्या धारा काढताना. पोरगी पालथ्या बादलीवर बसून गणित मोठ्याने सोडवायची. वर्नाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ती नुसतं म्हणायची, "मग?" पोरगी पुढची पायरी सांगायची. "मग?" आणि असं करत उत्तर यायचं. मी तर म्हणायचो, या घरात शेळ्यासुद्धा बीजगणितात पास होतील.

आता कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत ते 'मग' नडलं होतं. महिन्याने पुन्हा बसता येणार होतं. तेव्हाही हुकलं तर पोरीचं वर्ष गेलं.

"गप्प बसून विचार करायला मी शिकवलंच नाही तिला," वर्ना म्हणाली.

"तुला तरी कुठे येतं?" मी म्हणालो. ती ऐकून घेणाऱ्यातली नाही, पण त्या दिवशी तिने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसू लागल्या. वर्ना ओठ मिटून खिडकीबाहेर बघायची. तिर्झा अडली की मान वर करायची. आई बघायचीच नाही.

एकदा पोरगी रडकुंडीला आली. "आई, एकदाच म्हण ना गं!"

वर्ना ताडकन उठून गोठ्यात गेली. मी मागे धावलो. "अगं, एक शब्द तर आहे! काय जातंय तुझं?"

"तिथे कोण म्हणणार आहे, व्हर्जिल?" ती म्हणाली. डोळे भरले होते. परत आलो तर पोरगी खाली मान घालून लिहीत होती आणि ओठ हलत नव्हते.

ती पास झाली. ऑगस्टात आम्ही तिला वसतिगृहात सोडून आलो. येताना तिने आईला घट्ट मिठी मारली.

त्या संध्याकाळी गोठ्यात नुसता दुधाच्या धारांचा आवाज. मला काही राहवेना. मी ती बादली पालथी घातली आणि बसलो. गणित मला कुठलं येतंय? मी आपला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस.

"आज शेजारच्या हॉलिसचा ट्रॅक्टर आला," मी म्हणालो. "क्लच पार गेलेला. खोलून बघितला."

वर्ना धारा काढतच राहिली. मला वाटलं, आपण उगाच बसलो.

"मग?" मान वर न करता ती म्हणाली.