पाण्याने न जाणारा काळा

पौषातली उतरती उन्हं. कृष्णेच्या पाषाणपायऱ्यांवरून ऊन ओघळत होतं, न्हाणीघरातून हळदीचं पाणी ओघळावं तसं. घाट काळा, घाटावरचा कावळा काळा, पाण्यात पडलेली देवळाची सावली काळी. आणि कुठलाच काळा दुसऱ्या काळ्यासारखा नव्हता.

मालिनीला हे ठाऊक होतं. तिचा नवरा सुधन्वा शाईपेनं जमवायचा, त्यांनी लिहायचा, मित्रांना मिरवायचा. धुवायची ती. भरायची ती. दर रविवारी कोमट पाण्यात पेनांचे घसे मोकळे करता करता तिच्या संसाराची वर्षं वाहून गेली. निळसर, जांभळट, गढूळ.

आणि आज तो तिला वाईच्या बाजारात, बागवानचाचांच्या शाईच्या दुकानात घेऊन आला होता. उद्या कोर्टात घटस्फोटाच्या शेवटच्या सह्या. सहीची शाई तिनं निवडायची.

"तूच निवड. काळ्यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?" तो म्हणाला, आणि तिच्या सावळ्या मनगटाकडे बघून हसला. बोहल्यावर त्याच्या आत्या हसल्या होत्या, तसाच.

चाचांना कसलं काय ठाऊक! ते रंगात आले. "वहिनी, ही बघा, काजळ आहे काजळ! आणि ही? साहेब रागावले की डोळे करतात ना, अगदी तशी."

मालिनीनं टाक बुडवला. कागदावर रेघ ओढली, ओल्या बोटानं पसरली. एका काळ्यातून जांभूळ फुटलं. एका काळ्यातून शेवाळ. एकातून करपलेल्या दुधाचा तळ. रेघेमागून रेघ, रेघेमागून रेघ. प्रत्येक काळ्याच्या पोटात एकेक रंग रडत होता.

पण ती शाई पाहतच नव्हती. ती त्याचा चेहरा पाहत होती. तिथं कुठं ओल लागते का, कुठं एखादी कड विरघळते का. दोनच शब्द हवे होते तिला: राहू दे.

"ही घेऊ का हो?" ती म्हणाली, दिवा विझू नये म्हणून हळू बोलावं तशी. "पाण्यानं जाते ही. कधी वाटलंच... तर पुसता येईल."

"पुसायची कशाला?" सुधन्वानं खिशातून सोनेरी निबाचं पेन काढून तिच्यासमोर ठेवलं. "पक्की घे. पुढच्या महिन्यात मेघनाशी लग्न आहे, तिथंही सही ह्याच पेनानं. बाबांचं पेन, शकुनाचं. आणि इथंच भरून दे. तुझ्या हातचं भरलेलं गळत नाही."

एवढं बोलून तो फोन कानाला लावत बाहेर गेला. दारातून त्याचं हसू ऐकू आलं. मोगऱ्यासारखं ताजं, तिच्या वाट्याला कधीच न आलेलं.

मालिनीच्या आत काहीतरी निवलं. निखारा निवतो तसं. वरून राख, राखेखाली राख.

तिचा हात सगळ्यात खालच्या फळीकडे गेला. बुटकी बाटली, घट्ट झाकण, चंद्रहीन, ताराहीन, तळहीन काळा.

"अहो वहिनी, ती नको! ती चित्रकारांची, ब्रशची. लाख असते तिच्यात. पेनात घातली की महिन्याभरात घशात दगड होतो. मग कितीही धुवा."

"ठाऊक आहे, चाचा."

"मग साहेबांना सांगू का मी..."

"साहेबांना पक्की हवी आहे. ऐकलंत ना तुम्ही?"

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि स्वच्छ असलेली काच पुसत राहिले.

तिनं पेन उचललं. साऱ्या घरात हेच एक तिच्या बोटांना ओळखत होतं. ह्याच्या अंगावरची झिलई तिच्याच अंगठ्यानं झिजली होती. ह्याचा काय अपराध? ह्यानं तिला 'काळी' असं कधीच म्हटलं नव्हतं. उद्या हे सुरेख लिहील. तिचं नाव लिहील, त्याचं नाव लिहील. नंतर एकेक अक्षर अडखळेल, आणि एका मंगल दिवशी, भरल्या मांडवात, वाचा जाईल.

तिनं बाटलीचं घट्ट झाकण फिरवून काढलं.

मग तिनं निब शाईत बुडवला आणि मागचं शाई ओढायचं बोंड सावकाश फिरवलं. आणि पेन प्यालं. आईच्या हातून लेकरानं प्यावं तसं, डोळे मिटून, विश्वासानं, घोट घोट, घोट घोट, गळ्यापर्यंत.