आभाळी स्कार्फ

आनंदराव जिन्यात गुलाबी स्कार्फ गुंडाळून बसलेले दिसले, तेव्हा तळमजल्यावरच्या बापूरावांनी काहीच विचारलं नाही. फक्त चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पिशवी घेऊन दुधाला निघून गेले. पुण्यात असं काही न विचारणं किती बोचतं, ते ज्याला न विचारलं जातं त्यालाच कळतं.

शिकवणी वरच्या मजल्यावरची अक्षता देत होती. ती इंजिनिअरिंगला होती. डोळे तेवढे सोडून सगळं डोकं स्कार्फमध्ये बंद करण्याचं काम ती जिना उतरता उतरता, एका हातात मोबाइल धरून करायची. आनंदरावांना तेच काम दोन्ही हात मोकळे असून जमत नव्हतं. एक तर नाक बाहेर राहायचं, नाहीतर डोळे आत जायचे. “काका, गाठ मागे, कानाच्या खाली,” अक्षता पुन्हा पुन्हा सांगायची आणि हसू दाबायची.

हा सगळा उद्योग बायकोसाठी चालला होता. श्यामलाताई कितीतरी वर्षं दर रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर मंडळी घेऊन जायच्या. गळ्यात शिट्टी, डोक्यावर काही नाही. कुठला पांगारा आधी फुलतो, कुठल्या झाडावर कुणाचं घरटं आहे, हे त्या नातेवाइकांबद्दल सांगावं तसं सांगायच्या. आनंदराव मात्र एकदाही गेले नव्हते. हडपसरच्या कारखान्यात जन्मभर उभं राहून काम केलेल्या माणसाने रविवारी बसून पेपर वाचावा, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतरही ते मत निवृत्त झालं नव्हतं.

थंडी सरता सरता श्यामलाताईंच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की हा ऊन लागलं की उसळणारा आजार आहे. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. उन्हापासून जपा, ही पहिली. चालणं सोडू नका, ही दुसरी. लवकर निघा, क्रीम लावा, ते दर दोन तासांनी परत लावा आणि अंग झाकून जा. श्यामलाताईंनी पहिली गोष्ट घरी आणली आणि दुसरी दवाखान्यातच ठेवून आल्या.

घरातले पडदे ओढले गेले. टेकडीवरच्या मंडळींना गुडघे दुखतात असं कळवलं गेलं. दिवसभर त्या आतल्या खोलीत बसून राहायच्या. आवाजसुद्धा बारीक झाला होता. आणि मग एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, की रविवारी निशाला घरी बोलावलंय, शिट्टी तिच्याकडे देऊन टाकते. निशा म्हणजे मंडळींतली सगळ्यात जुनी आणि उत्साही बाई.

शिट्टी गेली की ही बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर पडायची नाही, हे आनंदरावांना लख्ख कळलं. त्यांना भीती वाटली. एवढी भीती कारखान्यात संप झाला तेव्हाही वाटली नव्हती. त्यांनी डॉक्टरांच्या दुसऱ्या गोष्टीची आठवण करून दिली, तर बाई उसळल्या. “अहो, स्कूटरवरच्या त्या पोरींना मी जन्मभर दरोडेखोर म्हणत आले. ऊन अंगाला लागू द्या म्हणून सगळ्यांना शिकवलं. आता मीच तोंड बांधून फिरू?” शिवाय उजवा खांदा आखडलेला. मनात आणलं असतं तरी मागे गाठ मारायला हात जात नव्हता.

आनंदरावांनी वाद घातला नाही. कॉलेजसमोरच्या फुटपाथवर एक पांढरा सनकोट आणि एक आभाळी स्कार्फ घेतला, अक्षताचा जुना गुलाबी स्कार्फ सरावाला मागून आणला आणि जिन्यात बसले. मग निशाला फोन केला. खरं काय ते सांगितलं. घरी येऊ नका, आम्हीच टेकडीवर येऊ, फक्त हिच्या बांधलेल्या तोंडावरून कुणी चकार शब्द काढू नका, अशी विनंती केली. निशाने एवढंच विचारलं, की कोट आणि स्कार्फ कुठल्या रंगाचे आहेत. आनंदरावांना वाटलं, बायकांना अशा वेळीही रंग सुचतो.

रविवारी पहाटे ते बायकोला एवढंच म्हणाले, की शिट्टी द्यायचीच तर टेकडीवर जाऊन द्यावी, ज्याला द्यायची त्यालाच घरी बोलावणं बरं दिसत नाही. रीतभात काढली की श्यामलाताईंचं काही चालत नसे. त्या निमूट खुर्चीत बसल्या.

आनंदरावांनी दोन बोटांवर क्रीम घेतलं आणि दाढीचा साबण फासावा तसं फासलं. मग चूक उमगली आणि ते हळूहळू जिरवायला लागले. कपाळ, नाक, कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू. चट्ट्यांवर आले तेव्हा बोट आपोआप हलकं झालं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी हा चेहरा असा उजेडात, असा सावकाश कधी हाताळला नव्हता. डोळ्यांखालचा एक बारीक तीळ तर आजच दिसला. श्यामलाताईंनी डोळे मिटून घेतले होते.

मग स्कार्फ. पहिल्या खेपेला डोळे आत गेले. आतून काहीतरी खुदखुदल्यासारखं ऐकू आलं. ती हसत होती. आनंदरावांनी गाठ सोडायला मुद्दामच थोडा वेळ लावला.

टेकडीच्या पायथ्याशी पोचल्यावर श्यामलाताई सवयीने पुढे निघाल्या. आनंदरावांना पहिल्या चढालाच धाप लागली. बायको वळणाआड गेली, मग दिसेनाशी झाली. टेकडीवरच्या जुन्या दगडखाणीच्या काठावर पोचेपर्यंत समोरून ऊन डोळ्यांत येत होतं. एका दगडावर पांढरा सनकोट आणि आभाळी स्कार्फ बसलेला दिसला. ते शेजारी टेकले आणि समोर बघत राहिले. जे बोलायचं होतं ते तोंडाकडे बघून बोलायची त्यांना सवय नव्हती.

“शिट्टी देऊ नकोस,” ते म्हणाले. “तू घरात बसलीस तेव्हापासून मला पेपरसुद्धा वाचवत नाही. पान धरून बसतो नुसता. तू रविवारी बाहेर जायचीस, तू परत येणार म्हणून मला घरात बसणं गोड लागायचं. ते कधी बोललो नाही. मी येईन दरवेळी. क्रीम लावीन, गाठ मारीन. तू फक्त चाल.”

शेजारची बाई जराशी हलली. “काका,” ती ओल्या आवाजात म्हणाली, “मी निशा.”

आनंदराव ताडकन उठले आणि मागे वळले. झाडाखाली सगळी मंडळी उभी होती. झाडून साऱ्या बायकांनी पांढरे सनकोट घालून आभाळी स्कार्फ बांधले होते. ज्यांना ते मिळाले नव्हते त्या दोन पुरुषांनी तोंडाला पंचे गुंडाळले होते. ताई एकट्या पडू नयेत, एवढाच त्यामागचा विचार. आणि त्या सगळ्यांच्या पुढे, दोन पावलांवर, श्यामलाताई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चेहऱ्याचे नुसते डोळेच दिसत होते, पण ते भरून आले होते.

श्यामलाताई निशाजवळ आल्या. गळ्यातली शिट्टी डोक्यावरून काढायला त्यांनी डावा हात वर नेला. आनंदरावांनी मान खाली घातली.

पण तो हात शिट्टीपाशी थांबलाच नाही. त्याने स्कार्फ धरला आणि खाली ओढला. गाठ सुटली. लाल चट्टे सगळ्यांसमोर उघडे पडले. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली आणि अशी वाजवली, की खाणीपलीकडचा मोर दचकून ओरडला. मंडळी पूर्वीसारखी पटापट रांगेला लागली.

मग त्या नवऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

“बांधा परत,” त्या म्हणाल्या. “आणि क्रीम दोन तासांनी पुन्हा लावायचं असतं ना? मग इतकं मागे राहून कसं चालेल तुम्हाला?”

आनंदरावांनी गाठ मागे, कानाच्या खाली मारली आणि पुढचा चढ बायकोच्या बरोबरीने चढायला लागले.