पोल्हच्या श्वासाची बरणी

मित्रांनो, मी काचेची बरणी. वय साठीच्या पुढे. माझा जन्म सलगमाचे कंद आंबवण्यासाठी झाला आणि पहिली वीस वर्षं मी ते काम इमानेइतबारे केलं. मग कोचेव्ये गावाजवळच्या रानात प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या बोगोमिर सरांनी मला आईच्या तळघरातून उचलून आणलं. माझ्या झाकणाला दोन भोकं पाडली, नळ्या बसवल्या, आणि सलगमाच्या जागी माझ्या पोटात पोल्ह झोपू लागला.

पोल्ह म्हणजे खारीएवढा, झुपकेदार शेपटीचा प्राणी. दिवसभर ढाराढूर झोपतो. एका नळीतून बाहेरची हवा आत यायची, दुसरीतून पंप ती ओढून घ्यायचा. ओढलेल्या हवेत प्राणवायू किती घटला ते यंत्र मोजायचं. त्यावरून म्हणे कळतं, की हा जीव नुसता पडून राहायलाही किती इंधन जाळतो. मला यातलं निम्मंच समजलं, तेही बऱ्याच वर्षांनी.

सर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, "आईची बरणी, पण काम शंभर नंबरी." मी फुगून जायचे.

एका शरद ऋतूत तादेया नावाची मुलगी हे मोजमाप शिकायला आली. सरांनी तिच्याकडून नियम घोटून घेतले. खोली उबदार हवी, प्राणी झोपलेला हवा, आणि आदल्या संध्याकाळपासून उपाशी हवा, कारण अन्न पचवायलाही इंधन लागतं. पोरीनं सगळं जिवापाड सांभाळलं. तरी आकडा आला नेहमीच्या दीडपट. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"बरणी गळतेय," सर म्हणाले. "म्हातारी झाली. शनिवारी स्टीलची पेटी येतेय, हिला भंगारात टाक."

माझ्या पायाखालची फळीच सरकली. मी गळतेय? कुठून? झाकणाचं रबर तर परवाच बदललेलं. त्यांनी मला पाण्याच्या टबात बुडवलं, एकही बुडबुडा आला नाही. "बारीक चीर असेल," सर पुटपुटले. मला काहीच उमजेना. सर एवढे शिकलेले, ते उगीच कशाला म्हणतील? हळूहळू मलाही वाटू लागलं, की माझ्यातून काहीतरी निसटतंय. पोल्ह तेवढा मजेत घोरत होता.

शुक्रवारी दुपारी तादेया कागदावर रेघोट्या ओढत बसली होती. एकदम म्हणाली, "सर, बरणी गळली तर पंप बाहेरची ताजी हवाही ओढेल ना?"

"ओढेल की."

"मग प्राणवायू कमी घटलेला दिसेल. आकडा उतरायला हवा. आपला तर चढलाय."

सर बराच वेळ कान खाजवत राहिले. "म्हणजे बरणी नाही," ते म्हणाले. "ह्याच्या पोटात काहीतरी जातंय."

दोघांनी दाराकडे पाहिलं. स्वयंपाक आणि पिंजरे सांभाळणारी फानिका मावशी तिथे हात पुसत उभी होती.

"दोनच अक्रोड देते सकाळी," ती म्हणाली. "आपल्या दारी आलेला जीव उपाशी ठेवायचा आणि वर बरणीत कोंडायचा? गावात कळलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"मावशी, तो पाहुणा नाही गं. नमुना आहे."

"हो का? मग रोज त्याला 'दादोबा, झोप झाली का' असं कोण विचारतं?"

सरांचे कान लाल झाले. तादेयानं हसू दाबायला तोंड फिरवलं.

शनिवारी पोल्ह खरोखर उपाशी राहिला. मावशी अक्रोड मुठीत धरून समोरच बसली, मोजणी संपेपर्यंत हलली नाही. आकडा बिनचूक आला. सरांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलो बाई." स्टीलच्या पेटीत आता मावशी पाव ठेवते.

पण मित्रांनो, खरं सांगू? माझा गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. त्या आठवड्यात माझ्यात एवढीशीही चीर नव्हती, आणि तरी मी सरांचं म्हणणं खरं मानून बसले होते. म्हणून हात जोडून सांगते, कुणालाही गळकं म्हणण्याआधी तुमचा आकडा कुठल्या बाजूला चुकलाय ते एकदा बघा. तुम्ही जे म्हणाल, त्यावर आमचा विश्वास बसतो.