नामंजूर डिस्क

मेव्हणीचा अंगठा डिस्कच्या कडेवरून फिरत फिरत आला आणि एका जागी थांबला. तिनं मान वर केली नाही.

"भाऊजी, ही नाही चालायची."

"का? तडा गेलाय का कुठं?"

"तडा असता तर बरं झालं असतं. खळगा आहे इथं. स्पर्धेला डिस्क कारखान्यातून येते तशीच लागते. कोरलेली, तापवलेली, काही चालत नाही. नामंजूर."

"अगं, तुझ्या ताईची आहे ती."

"मला सांगताय?" ती हळूच म्हणाली. तिच्या गळ्यात पंचाची शिट्टी होती आणि मास्तरांच्या मागं आपापल्या डिस्क तपासून घ्यायला रांग लागली होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, बसच्या आगारात फाटक्या सीटा शिवणारे. "लोकांच्या बुडाखालचं काम आपलं, तोंडाकडं कोण बघतंय," असं ते स्वतःच म्हणायचे. या खेळाचा नाद त्यांना बायकोनं लावला. बागेमागच्या माळावर जागोजागी खांब, प्रत्येक खांबावर साखळ्यांची टोपली. लांबून डिस्क, म्हणजे प्लास्टिकची चपटी थाळी, फेकत फेकत टोपलीत घालायची. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. आधी मास्तरांना हा पोरखेळ वाटला. मग हळूहळू रविवार कधी उजाडतो असं त्यांनाच व्हायला लागलं.

बायको बेकरीत होती. वर्षानुवर्षं पीठ मळून तिचा उजवा अंगठा आखडला होता, त्यामुळं डिस्क हातातून निसटायची. एका सकाळी जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून मास्तर स्वयंपाकघरात धावले, तर ही बाई गॅसवर चमचा तापवून डिस्कच्या कडेवर दाबत बसलेली.

"घर पेटवतेस का काय?"

"अंगठ्याला जागा करतेय," ती म्हणाली. "तुम्ही नाही का लोकांना बसायला करून देत!"

त्या दिवसापासून तिची डिस्क सरळ जायला लागली. अगदी सरळ नाही, जराशी डावीकडं कलून, पण जायची. रविवारच्या मंडळींना मंजुरीचं काही सोयरसुतक नव्हतं. पंपदुरुस्तीवाल्यानं, ज्याला सगळे पंप्याच म्हणत, एकदा पैजेवर पातेल्याचं झाकण फेकलं आणि ते टोपलीत पडलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटची टोपली तळ्यापलीकडं होती. धीट माणसं थेट पाण्यावरून फेकत. बायको काठाकाठानं जायची. "बुडाली तर पुन्हा कुठं चमचा तापवू? आपल्याकडं स्पर्धा होऊ दे. त्या दिवशी फेकीन पाण्यावरून, सगळ्यांच्या देखत." त्या स्पर्धेसाठी तिनं बागेच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले. स्पर्धा ठरली खरी, पण ती गेल्यावर दोन वर्षांनी. तोवर मास्तर तिचीच डिस्क काठाकाठानं फेकत राहिले. आज मात्र ते मनाशी ठरवून आले होते. तिचं तेवढंच एक राहून गेलं होतं.

"पिशवीत ठेवलीत तर हरकत नाही," मेव्हणी म्हणाली, "पण फेकलीत तर दोन फेकींचा दंड. तुम्ही ही घ्या माझी." तिनं दुसरी पुढं केली. तसलीच, त्याच नारिंगी रंगाची, फक्त कोरी करकरीत.

काहीतरी वाकडं बोलायचं मास्तरांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मेव्हणी जुनी डिस्क परत देताना पटकन सोडेना. ते पाहून त्यांनी कोरी डिस्कही घेतली.

उसन्या डिस्कची कड सकाळभर अंगठ्याला बोचत राहिली. पण रागानं म्हणा, कशानं म्हणा, मास्तरांचा हात असा काही बसला की ज्येष्ठांच्या गटात शेवटच्या टोपलीपाशी आले तेव्हा ते चक्क एका फेकीनं पुढं होते. आगारातसुद्धा त्यांना कधी कुणी पहिलं म्हटलं नव्हतं.

तळ्याकाठी पंप्यानं त्यांचा दंड धरला. "मास्तर, काठानं घ्या. करंडक दारात आलाय, आता नसती उठाठेव नको."

"उसनी डिस्क आहे," मास्तर म्हणाले. "बुडाली तर मेव्हणीची बुडेल."

सगळे हसले. मास्तरही हसले, आणि हसता हसताच त्यांनी पिशवीत हात घातला. रेक्झिनच्या तुकड्यांची ती पिशवी त्यांनीच शिवलेली. पुढचा कप्पा बायकोच्या डिस्कसाठी होता आणि आज सकाळपासून सवयीनं त्याच कप्प्यात ते उसनी डिस्कही कोंबत होते. हाताला लागली ती त्यांनी काढली, दोन पावलं धावले आणि पाण्यावरून भिरकावली.

डिस्क सुटली आणि मगच त्यांच्या ध्यानात आलं. अंगठ्याला काही बोचलं नव्हतं.

पाण्यात उडी मारून ती परत आणावी असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं. डिस्क तळ्याच्या मध्यावर गेली, जराशी डावीकडं कलली आणि खाली यायला लागली.

"जा गं," मास्तर पुटपुटले. "जा बाई, जा पुढं."

ती पाण्याला जवळजवळ शिवली, पुन्हा उचलली गेली आणि पलीकडच्या गवतात टोपलीच्या बुडाशी जाऊन पडली.

पंप्यानं मास्तरांना उचललंच. "जिंकलात की राव! आता आंधळासुद्धा घालेल टोपलीत!"

कुणाला काही कळलं नव्हतं. दोन्ही डिस्क नारिंगी, आणि बघणारे सगळे चष्मेवाले. तोंड मिटून राहिलं की करंडक घरी येणार होता. पण मग ही फेक कुणाची झाली? त्या कोऱ्या डिस्कची. बायकोनं इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता नाव दुसरीचं व्हायचं. मास्तरांना ते सोसवेना. त्यांनी हात वर करून पंचाला बोलावलं.

"दंड लाव," ते म्हणाले. "ताईची डिस्क फेकली मी."

"अहो, गप बसा की!" पंप्या कळवळला. "कुणी पाहिलंय?"

मेव्हणी त्यांच्याकडं बघत राहिली. "मुद्दाम फेकलीत?"

"नाही. हात घातला, ती आली."

"करंडक जाईल, भाऊजी."

"जाऊ दे. तू फक्त मोठ्यानं सांग. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

तिनं शिट्टी फुंकली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. दुसऱ्यांदा वाजली. लोक वळून बघायला लागले, तशी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नामंजूर डिस्क. दोन फेकींचा दंड. फेक ग्राह्य."

"ग्राह्य म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे दंड बसला तरी ती पोचली ती पोचली," मेव्हणी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. "आता तुम्ही तिथूनच पुढं खेळायचं."

तळ्याला वळसा घालून सगळे पलीकडं गेले. डिस्क गवतात पालथी पडली होती. मास्तरांनी ती उचलली, सदऱ्याला पुसली, पिशवीत ठेवली आणि उसनी डिस्क हातात घेऊन ते जुनी पडली होती तिथं उभे राहिले. टोपली हातभर लांब होती. मागं मंडळी खोळंबली होती.

"टाका ना, भाऊजी," मेव्हणी म्हणाली.

"टाकतो."

एकदा टाकली की ती पोचली होती तिथून हलावं लागणार होतं. मास्तर तसेच उभे राहिले, आणि घाई करा असं त्यांना कुणीच म्हटलं नाही.